शेवटचा आकडा
प्रस्तावना

येडशीजवळ महामार्गाच्या सर्व्हिस रोडला चहाची एक टपरी आहे. मागच्या उसाच्या हंगामात तिच्यासमोर एक गाडी थांबली. नारिंगी रंगाची, कंबरेएवढीही उंच नसलेली. आत बसायचं तर आधी वाकायचं आणि मग स्वतःला सांडायचं, अशी. पाच मिनिटांत पोरं जमली. दोन-तीन तर पलीकडच्या रानात कोप्या टाकून राहिलेल्या ऊसतोड्यांची होती. त्यांनी रंग पाहिला नाही, चाकं पाहिली नाहीत. एकाने काचेवर दोन्ही तळवे लावून डोळ्यांना आडोसा केला, आत नजर टाकली आणि मागच्यांना ओरडून सांगितलं, "तीनशे साठ हाय रं!"

लहानपणी आम्हीही हेच करायचो. गल्लीत डॉक्टरांची फियाट आली, तहसीलदारांची जीप आली की काचेला नाक लावून काट्याच्या तबकडीवरचा शेवटचा आकडा वाचायचा. ज्याने वाचला तो दिवसभर मोठा माणूस. काटा तिथवर गेलेला कुणी पाहिलेला नसायचा. जाईल अशी अपेक्षाही नसायची. तरीही "हिचा टॉप किती?" या प्रश्नाला तो आकडा हेच उत्तर होतं आणि त्यावर वाद नव्हता.

मालक चहाचा कप घेऊन गाडीपाशी आला. पोराने विचारलं, "काका, पळवली का एवढी?"

"कुठं पळवू?" तो म्हणाला. त्याच वेळी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर, मोठ्याने गाणी लावून, सगळा रस्ता आपलाच असल्यासारखा डुलत समोरून गेला. उत्तर पूर्ण झालं.

हे पुस्तक त्या शेवटच्या आकड्याबद्दल आहे. गेली सव्वाशे वर्षं तो वाढवत नेण्यासाठी माणसांनी पैसा, अक्कल, डांबर, रबर आणि बऱ्याचदा जीव खर्च केला. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हा आकडा वापरायचा नसतो, सांगायचा असतो. हे एकदा ध्यानात घेतलं की त्याचं वेड आणि त्याचा फोलपणा वेगवेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. पुस्तकातले बहुतेक लेख या ना त्या वाटेने इथेच येतात.

या विषयासाठी मराठीत तीन शब्द आहेत आणि आपण ते सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो. विक्रम, उच्चांक आणि रेकॉर्ड. विक्रमात पराक्रम आहे, करणारा माणूस आहे. उच्चांकात माणूस नाही, नुसता अंक आहे. रेकॉर्ड म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात असते तशी नोंद, कुणीतरी लिहून ठेवलेली, शिक्का मारलेली. वेगाच्या मागे लागलेल्यांची तीन घराणी मला या तीन शब्दांतच दिसतात.

पहिलं घराणं विक्रमवाल्यांचं. सुरुवात १८ डिसेंबर १८९८ला, पॅरिसजवळच्या आशेर गावाच्या सरळ रस्त्यावर. काउंट गास्तों द शास्लू-लोबा या गृहस्थाने झांतो बनावटीच्या गाडीत बसून ताशी ६३.१५ किलोमीटरचा वेग नोंदवला. गाडी विजेवर चालणारी होती, हे विसरू नका. पुढे लागेल. बेल्जियमच्या कामीय झेनात्झीला हे सहन झालं नाही. जानेवारीत त्याने ६६ गाठले, त्याच दिवशी काउंटने ७० केले. दहा दिवसांत झेनात्झी ८० वर. मार्चमध्ये काउंट ९२ वर. २९ एप्रिल १८९९ रोजी झेनात्झी पाणतीरासारख्या आकाराची एक विजेची गाडी घेऊन आला आणि १०५.८८ नोंदवून गेला. माणूस रस्त्यावर ताशी शंभराच्या पुढे गेला तो तेव्हा. आकार निमुळता ठेवायची समज त्या गाडीत होती, पण चालक मात्र वरून छातीपर्यंत बाहेर, वाऱ्याला आडवा. गाडीचं नाव 'ला जामे कोंतांत'. अर्थ, जिचं समाधान कधीच होत नाही ती. आमच्या आजीने एका शब्दात सांगितलं असतं, हावरी. या संबंध क्षेत्राला याहून नेमकं नाव नंतर कुणाला सुचलेलं नाही.

मग वाफेची इंजिनं आली, पेट्रोल आलं, विमानांची इंजिनं चार चाकांवर बसवायची पद्धत आली. रस्ते अपुरे पडले तेव्हा ही मंडळी समुद्रकिनाऱ्यांवर गेली आणि वाळूही पुरेना तेव्हा अमेरिकेतल्या युटाह राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर. तिथे सप्टेंबर १९३५मध्ये माल्कम कॅम्पबेलने ताशी ३०० मैलांची रेघ ओलांडली. नोंद झाली ४८४ किलोमीटरची. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि उस्मानाबादहून, म्हणजे आजच्या धाराशिवहून, तुळजापूरला जायला बैलगाडी जुंपावी लागायची.

या घराण्याची किंमत मोजायची तर नावं घ्यावी लागतात. १९२७मध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूत जे. जी. पॅरी-थॉमस गेला. १९३०मध्ये विंडरमिअरच्या तळ्यावर पाण्यातला उच्चांक करताना हेन्री सीग्रेव्ह गेला. माल्कमचा मुलगा डोनाल्ड कॅम्पबेल जानेवारी १९६७मध्ये कॉनिस्टनच्या तळ्यात बोटीसह उलटला. पण मला सगळ्यांत जास्त खुपते ती २८ जानेवारी १९३८ची सकाळ. जर्मनीत फ्रँकफर्ट-डार्मश्टाट महामार्ग त्या दिवशी उच्चांकासाठी मोकळा ठेवलेला होता. मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओलाने सकाळीच ४३२ किलोमीटरचा वेग नोंदवला. ऑटो युनियनचा बेर्न्ट रोझमायर तो मोडायला त्याच दिवशी उतरला. वाऱ्याचा झोत आडवा आला आणि गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. दोन्ही कंपन्यांच्या मागे नाझी सरकार उभं होतं आणि त्या सरकारला आकडा हवा होता. विक्रमाचा उच्चांक होतो तो असा. माणूस आकड्याचा नोकर झाला की.

विक्रमवाल्यांचा कळस १५ ऑक्टोबर १९९७चा. नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन या ब्रिटिश वैमानिकाने थ्रस्ट एसएससी ही गाडी ताशी १,२२७.९८५ किलोमीटरने, आवाजापेक्षा वेगात नेली. तो उच्चांक अजून उभा आहे. तिला दोन जेट इंजिनं होती आणि चाकं फक्त टेकायला. ही गाडी म्हणायची का, असा प्रश्न पडला तर तो रास्त आहे, आणि त्याच प्रश्नातून दुसरं घराणं निघालं.

दुसरं घराणं उच्चांकवाल्यांचं, म्हणजे कारखानदारांचं. त्यांची अट एवढीच, की गाडी दुकानात विकत मिळाली पाहिजे, तिला नंबरप्लेट लागली पाहिजे आणि तरी ती जगात सर्वांत वेगवान असली पाहिजे. वाचकांना सुपरकार म्हणून जी ठाऊक आहे ती इथली. इथे थोडं रेंगाळतो, कारण गंमतही इथेच आहे आणि फजितीही.

आधी हवेचं गणित समजून घेऊ. गाडी हळू असते तेव्हा हवा लागत नाही, वेग वाढला की ती भिंत होते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो सारण्यासाठी लागणारी ताकद आठपट. दोनशेवरून चारशेवर जायचं तर दुप्पट इंजिन पुरत नाही, आठपट लागतं. म्हणून बुगाटी कंपनीने २००५मध्ये वेरॉन ही गाडी आणली तेव्हा तिला सोळा सिलिंडर, चार टर्बो, एक हजार एक अश्वशक्ती आणि निरनिराळी तापणारी अंगं थंड ठेवायला दहा रेडिएटर द्यावे लागले. एवढं करून वेग ४०७. त्या वेगात शंभर लिटरची टाकी साधारण बारा मिनिटांत रिकामी होते. हिशेब करून पाहा. धाराशिवहून टाकी फुल करून सुसाट निघालात तर सोलापूर ओलांडून थोडं पुढे जाईपर्यंत गाडी कोरडी. आणि टाकी मोठी केली तरी उपयोग नाही, कारण टायर त्या वेगात पंधरा मिनिटंच टिकतात, असं तेव्हा सांगितलं जाई. म्हणजे आधी पेट्रोल संपतं हे नशीबच.

वेरॉनची मला सर्वांत आवडती वस्तू म्हणजे तिची दुसरी किल्ली. नेहमीच्या किल्लीने ती ३७५पर्यंतच जाते. त्यापुढे जायचं तर गाडी पूर्ण थांबवायची आणि चालकाच्या आसनाच्या डावीकडे, खाली एक भोक आहे त्यात दुसरी किल्ली घालायची. मग गाडी स्वतःची तपासणी करते, जमिनीकडे आणखी खाली बसते, पुढच्या झडपा मिटतात, मागचा पंख आत सरकतो. सगळं जमलं तर परवानगी. वाटेत ब्रेकला पाय लागला किंवा स्टिअरिंग जरा जास्त वळलं की परवानगी रद्द. देवघराची वेगळी किल्ली असावी तसा हा प्रकार. ज्यांनी ही गाडी घेतली त्यांतल्या फार थोड्यांनी ती किल्ली कधी फिरवली असेल. पण ती खिशात आहे हे त्या सगळ्यांना पाहुण्यांना सांगता येत होतं.

वेरॉनच्या आधी बरीच वर्षं हा मान होता मॅक्लारेन एफ-वनचा. ३१ मार्च १९९८ला जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या चाचणी मार्गावर अँडी वॉलेसने ती ३८६ किलोमीटरवर नेली होती. तिचा रचनाकार गॉर्डन मरे याने सर्वोच्च वेग हे ध्येय ठेवलंच नव्हतं. हलकी, चालवायला आनंद देणारी गाडी करायची होती, वेग ओघाने आला. हाच मरे नंतर या शर्यतीचा सर्वांत जाणता टीकाकार झाला, आणि २०२०मध्ये त्याने आणलेली टी-५० हजार किलोच्याही आत बसणारी आहे. या घराण्यातलं हे बंडखोर उपघराणं. वजन कमी करा, वळणावर मजा घ्या, सरळ रेषेत कोणीही पळतं, असं ते म्हणतात. न्यूरबर्गरिंगच्या वीस किलोमीटरच्या वळणावळणाच्या फेरीवर वेळ लावणारे यांचेच चुलत भाऊ. माझा कल कुणाकडे आहे हे मी लपवत नाही.

वेरॉननंतर मात्र रांग लागली. २००७मध्ये अमेरिकेतल्या शेल्बी सुपरकार्स या छोट्या कंपनीने ४१२ केले. २०१०मध्ये बुगाटीने ४३१. नोव्हेंबर २०१७मध्ये स्वीडनच्या केनिगसेगने नेवाडातला एक सार्वजनिक महामार्ग बंद करून घेतला आणि ४४७ केले. २ ऑगस्ट २०१९ला पुन्हा अँडी वॉलेस, पुन्हा एरा-लेसिन, या वेळी बुगाटी शिरॉन, आणि आकडा ४९०.४८४. चाकं त्या वेगात सेकंदाला साठाच्या आसपास फेरे घेतात. टायर बसवण्याआधी त्यांचे एक्स-रे काढले होते, आत कुठे केसाएवढा दोष असला तर कळावा म्हणून. त्यानंतर बुगाटीने जाहीर केलं की आता पुरे, या शर्यतीतून आम्ही बाहेर. नोव्हेंबर २०२४मध्ये तीच कंपनी बिनटपाची गाडी घेऊन पापेनबुर्गच्या मार्गावर हजर झाली आणि उघड्या गाड्यांचा उच्चांक ४५३.९१वर नेऊन ठेवला. दारू सोडलेल्याने ताडी घ्यावी तसं.

तिसरं घराणं नोंदवाल्यांचं. यांना कुणी हार घालत नाही, पण त्यांच्यावाचून पहिली दोन घराणी म्हणजे नुसत्या पारावरच्या गप्पा. त्यांचा मुख्य नियम साधा आहे. एकदा इकडून तिकडे, मग तासाभराच्या आत तिकडून इकडे, आणि दोन्ही वेगांची सरासरी. वारा पाठीशी असेल, उतार असेल, तर परतीच्या वेळी तो अंगावर येतो आणि हिशेब सरळ होतो. या एका नियमावर कितीतरी मोठे आकडे अडकले आहेत. २०१४ची हेनेसी व्हेनम जीटी एकाच दिशेने धावली, उलटी धाव झालीच नाही. वरची ४९०वाली शिरॉनही एकाच दिशेची. २०१०च्या बुगाटीचा उच्चांक तर गिनीजने २०१३मध्ये आधी बाजूला ठेवला आणि मग परत दिला. धाव घेतलेल्या गाडीवरचा वेगमर्यादक काढलेला होता आणि गिऱ्हाइकांना विकलेल्या गाड्या ४१५वर बांधलेल्या होत्या, हे त्या वादाचं मूळ. मग दुकानातली गाडी कोणती आणि उच्चांकाची कोणती?

पण खरी कहाणी ऑक्टोबर २०२०ची. शेल्बी सुपरकार्सने तुआतारा ही गाडी त्याच नेवाडाच्या रस्त्यावर पळवून ५०८ किलोमीटरची सरासरी जाहीर केली. जगभर बातम्या झाल्या. चित्रफीत आली. आणि घरोघरी बसलेल्या हौशी लोकांनी ती थांबवून थांबवून पाहिली. रस्त्याकडेच्या ओळखीच्या खुणांमधलं अंतर नकाशावर मोजलं, गाडीला लागलेले सेकंद मोजले, भागाकार केला. पडद्यावर दिसणारा वेग आणि भागाकाराचा वेग जुळेना. पाचवीच्या मुलाला येणारं गणित! कंपनीने पुन्हा धाव घ्यायचं कबूल केलं. जानेवारी २०२१मध्ये फ्लोरिडात दोन्ही दिशांची सरासरी भरली ४५५, आणि पुढे पहिला दावा कंपनीनेही सोडून दिला. ४५५ हादेखील अचाट वेग आहे. पण ५०८ सांगून झालेल्या माणसाचे ४५५ कुणी ऐकत नाही.

ही गोष्ट मला परकी वाटली नाही. परंडा तालुक्यात मामाच्या गावाला यात्रेत बैलांच्या शर्यती व्हायच्या. खिलार बैलांची जोडी, हलका छकडा, वर धुरकरी. धुरळा बसायच्या आत दोन माणसं हातातली घड्याळं घेऊन एकमेकांच्या अंगावर धावायची. एकाचं घड्याळ बावीस म्हणे, दुसऱ्याचं तेवीस. एका सेकंदावरून दोन भावक्यांनी वर्षभर बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. त्या शर्यतीत माल कुठे पोहोचत नव्हता, माणूस कुठे पोहोचत नव्हता. छकडा जिथून निघाला तिथेच शेवटी परत यायचा. जिंकलेल्या जोडीची किंमत मात्र संध्याकाळपर्यंत शेतीच्या बैलाच्या कितीतरी पट झालेली असायची, आणि त्या जोडीला पुन्हा कुणी नांगराला जुंपत नसे. इटलीत किंवा फ्रान्समध्ये तयार होणारी ती ठेंगणी गाडी आणि मामाच्या गावचा छकडा यांच्यात मला जातकुळीचा फरक दिसत नाही.

फरक आहे तो बैलाचा. गाडीला मार लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ला या शर्यतींवर बंदी आणली ती त्याच मुद्द्यावर. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायद्यात बदल केला, प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं, १६ डिसेंबर २०२१ला शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने कायदा उचलून धरला. आता धावेला हजार मीटरची मर्यादा आहे, चाबूक आणि टोचणीला मनाई आहे. वेग कुणाच्या जिवावर काढायचा, हा प्रश्न आपण बैलापुरता तरी कोर्टात नेला. माणसापुरता तो अजून रस्त्यावरच आहे. त्याकडे येतोच.

आमच्या जिल्ह्याला वेगापेक्षा संथपणाचा अभिमान जुना, हेही सांगून टाकतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे पुढे येडशी, ढोकी करत लातूरला गेली. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी. तिच्याबद्दल एक तरी गोष्ट सांगत नाही असा म्हातारा या भागात सापडायचा नाही. पुढच्या डब्यातून उतरावं, बोरं वेचावीत आणि मागच्या डब्यात चढावं. चढणीला प्रवाशांनी खाली उतरून चालावं आणि गाडीच्या आधी वर पोहोचावं. यातलं खरं किती हे कुणी घड्याळ लावून पाहिलं नाही. गाडी रुंद रुळांवर आली, धाराशिव शहरात स्टेशन झालं, वेळ वाचला. गोष्टी मात्र सगळ्या जुन्या गाडीच्याच राहिल्या. सांगण्यासारखं काही असलं की आकडा मोठा हवा असंही नाही, टोकाचा हवा. जाता जाता, हाच कॅल्थ्रॉप पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. संथ गाडी बांधणाऱ्याला पडणाऱ्या माणसाची चिंता, हे मला त्याच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

मराठी माणसाचा या वेडाशी संबंध पाहण्यापुरताच आहे असं कुणी समजू नये. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५ची ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून खास बांधून घेतली होती. नारिंगी आणि काळी. सुपरचार्जर लावलेल्या तिच्या इंजिनाची ताकद कंपनी ३२० अश्वशक्ती सांगायची, आणि त्या काळी हा आकडा ऐकून लोक दोनदा विचारत. त्याच इंदूरपासून जवळ पीथमपूरला आज नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा लंबगोल चाचणी मार्ग. २९ जून २०२१ला त्याचं उद्घाटन केलं ते तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी. होळकरांची गाडी जिला रस्ता मिळाला नाही ती, आणि आता रस्ता आहे तर गाड्या यायला लागल्या. मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्हने आपली एकोंक ही विजेची गाडी तिथेच पळवली आणि कंपनीने ३०९ किलोमीटरचा वेग सांगितला. मुंबईच्याच महिंद्र समूहाच्या मालकीच्या पिनिनफारिनाची बातिस्ता तिथे पाव मैल ८.५५ सेकंदांत गेली. हीदेखील विजेची.

म्हणजे झेनात्झीची हावरी फिरून परत आली आहे. १८९९ला शंभरी ओलांडणारी गाडी विजेची होती, मग शतकभर पेट्रोलचं राज्य चाललं, आणि सप्टेंबर २०२५मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीच्या यांगवांग यू-नाइन एक्स्ट्रीम या विजेच्या गाडीने पापेनबुर्गला ४९६.२२ गाठून शिरॉनलाही मागे टाकलं. इंजिन घडवायला लागणारी पिढ्यापिढ्यांची कारागिरी इथे लागली नाही, मोटारी आणि बॅटरी लागली. हजार अश्वशक्ती ही कालपर्यंत राजेरजवाड्यांची मिरास होती. उद्या ती किती खाली उतरेल, हे पुस्तक लिहिताना मला सतत छळणारा प्रश्न.

छळण्याचं कारण रस्त्यावर आहे. समृद्धी महामार्गाला ताशी १२०ची मर्यादा आहे. आमच्या सोलापूर-धुळे महामार्गावर चारपदरी डांबर आहे, आणि त्यावर उसाच्या ट्रॉल्या, उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले, मेंढरांचे कळप आणि तुळजापूरला पायी निघालेले भक्तही आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतल्या दहांपैकी सात मृत्यूंमागे सरकारी नोंद अतिवेगाची आहे. हे आकडे सुपरकारवाल्यांचे नाहीत, जुनी जीप आणि साधी मोटारसायकल पिळणाऱ्यांचे आहेत. पण १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं, गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला, आणि गरिबाघरी पोरांना पाठ असलेली अशा गाड्यांची नावं महाराष्ट्राने वेगळ्या स्वरात उच्चारायला सुरुवात केली.

पूर्वी आकडा सांगायला साक्षीदार लागायचा. झेनात्झीला घड्याळवाले लागले, मामाच्या गावाला दोन भावक्या लागल्या. आता साक्षीदार प्रत्येकाच्या खिशात आहे. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाइल, पडद्यावर चढत जाणारा काटा आणि खाली गाणं. अशी रील्स आमच्या बायपासवरही निघतात. बुगाटीवाल्याने निदान रस्ता बंद केलेला असतो, टायर तपासलेले असतात आणि अॅम्ब्युलन्स उभी असते. सांगायची हौस तीच, फक्त किल्ली काढून ठेवायला कुणी नाही.

या पुस्तकाचा घाट याच गोंधळातून आला. काही लेख सरळ कौतुकाचे आहेत, कारण मला या गाड्या आवडतात आणि तसं नसल्याचं सोंग करण्यात अर्थ नाही. काही लेख मोजमापाचे आहेत. काट्याची तबकडी कशी चालते, ती नेहमी थोडं वाढवून का दाखवते, टायरवर वेगाचं अक्षर कुठे छापलेलं असतं, हे गॅरेजमध्ये बसून समजून घेतलं आणि गॅरेजच्याच भाषेत लिहिलं. मिस्त्री लोक 'टॉप', 'पिकअप', 'उठाव' हे शब्द ज्या नेमकेपणाने वापरतात तो नेमकेपणा मला कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आढळला नाही. काही लेख माणसांचे आहेत, त्यांत रोझमायर आहे आणि नाव न देता मामाच्या गावचा एक धुरकरीही आहे. मोटार शर्यती, म्हणजे फॉर्म्युला वन वगैरे, या पुस्तकात जवळजवळ नाहीत. तिथे कुणाच्या तरी पुढे जायचं असतं, इथे फक्त आकड्याच्या. गाडी घ्यावी कोणती, याचा सल्लाही इथे मिळणार नाही.

वाचकाला यंत्रशास्त्र यायला हवं असं मुळीच नाही. हवेचं ते आठपटीचं गणित एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळतं. वेग सगळीकडे ताशी किलोमीटरमध्ये दिला आहे. मूळ नोंद मैलांत असली तर रूपांतर मी केलं आहे. 'सर्वांत वेगवान' हे बिरुद जिथे वादात आहे तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत. छापून होईपर्यंत एखादा आकडा शिळा झालेला असण्याची शक्यता मी धरून चाललो आहे, आणि तसं झालं तर वाचकाने पेन्सिलीने नवा लिहावा. समासात जागा सोडली आहे.

त्या दिवशी येडशीला मालकाने चहा संपवला, दार वर उचललं, आत सांडला आणि गाडी सुरू केली. आवाज असा आला की टपरीवाल्याच्या बरण्या थरथरल्या. पोरं कानांवर हात ठेवून हसत उभी. गाडीने एक हिसका घेतला, धुरळा उडाला, आणि शंभर पावलांवर सर्व्हिस रोडचा गतिरोधक आला. एवढी ठेंगणी गाडी त्यावरून सरळ नेता येत नाही, पोट घासतं. ती थांबली, तिरपी झाली, आधी एक चाक, मग दुसरं, तव्यावरची भाकरी हलक्या हाताने उलटावी तशी सावकाश पलीकडे उतरू लागली. तोवर काचेत डोकावलेला तो पोरगा अनवाणी पळत तिच्या बरोबरीला आला होता. मागचं चाक उतरायच्या आत तो पुढे गेला, वळला, आणि मागच्यांना ओरडून सांगू लागला.